उशिरा बोलावलेली माणसे

22 ऑगस्ट 2007 रोजी टेक्सास रेंजर्स संघाने बाल्टिमोर ओरिओल्सला त्यांच्याच मैदानावर 30-3 असे लोळवले. सातव्या इनिंगमध्ये रेंजर्सचा वेस लिटलटन चेंडू टाकायला आला तेव्हा त्याचा संघ 11 धावांनी पुढे होता. उरलेल्या तीन इनिंग त्याने टाकल्या, सामना संपला आणि अधिकृत नोंदीत त्याच्या नावावर एक ‘सेव्ह’ चढला. नियमाच्या हिशेबाने त्या रात्री लिटलटनने सामना वाचवला होता.

दुसरी रात्र 4 ऑक्टोबर 2016ची, टोरांटोतली. हरेल त्याने घरी जायचे, असा एकच सामना. ओरिओल्सकडे तेव्हा झॅक ब्रिटन होता. त्या मोसमात सेव्हच्या 47 संधी त्याच्या वाट्याला आल्या आणि 47च्या 47 त्याने साधल्या. दर नऊ इनिंगमागे किती धावा दिल्या हे सांगणारा त्याचा आकडा, म्हणजे ईआरए, होता 0.54. सामना 2-2 असा बरोबरीत अडकून लांबत गेला. मॅनेजर बक शोवॉल्टर एकामागून एक पिचर, म्हणजे गोलंदाज, पाठवत राहिले, पण ब्रिटनला हात लावला नाही. आघाडी मिळाली की ती टिकवायला तो लागेल, हा हिशेब. आघाडी मिळालीच नाही. अकराव्या इनिंगमध्ये उबाल्डो हिमेनेझच्या चेंडूवर एडविन एन्कार्नासिओनने तीन धावांचा होमरन, म्हणजे मैदानाबाहेरचा फटका, ठोकला आणि ओरिओल्सचा मोसम संपला. संघातल्या सर्वांत भरवशाच्या पिचरने त्या सामन्यात एकही चेंडू टाकला नव्हता.

ज्या अभ्यासाच्या दाराशी वाचकाचे स्वागत करायला मी उभा आहे, तो या दोन रात्रींच्या मध्ये पसरलेला आहे. व्यावसायिक बेसबॉलमधल्या रिलीफ पिचरची कारकीर्द कशी घडते, कशी मोजली जाते आणि मोजण्याच्या त्या रीतीनेच ती पुढे कशी वळवली जाते, हा त्याचा विषय. खेळाची आवड असलीच पाहिजे अशी अट नाही. कामाचे मोल ठरवणारा आकडा एकदा रूढ झाला की काम त्या आकड्याच्या मापाने कापले जाते, हे ज्याला बारकाईने पाहायचे असेल त्याच्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. शाळेच्या निकालांचा किंवा पोलीस ठाण्यातल्या गुन्ह्यांच्या आकड्यांचा अभ्यास करणाऱ्यालाही इथे ओळखीची माणसे भेटतील.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी आधी दोन गोष्टी. सामना नऊ इनिंगचा. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांनी आळीपाळीने तीन-तीन बळी जाईपर्यंत खेळायचे. पिचर 60 फूट 6 इंचांवरून, माउंड नावाच्या दहा इंच उंचीच्या उंचवट्यावरून चेंडू फेकतो. षटके नाहीत, त्यामुळे एकच माणूस सलग टाकत राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे आपल्याकडे कप्तान गोलंदाजाला थांबवतो आणि दहा षटकांनी पुन्हा चेंडू देतो, तशी सोय इथे नाही. सामन्यातून काढलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून पिचर बदलणे हा मॅनेजरचा न फिरवता येणारा निर्णय असतो, आणि सामना सुरू करणाऱ्या स्टार्टरनंतर जो जो येतो तो रिलीफ पिचर, रिलीव्हर. ही मंडळी सामना चालू असताना मैदानाच्या कडेला बुलपेन नावाच्या आवारात बसतात. तिथला फोन वाजला की ज्याचे नाव निघेल त्याने उठून हात गरम करायला लागायचे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा पेशाच नव्हता. ज्याने सामना सुरू केला त्यानेच तो संपवायचा, ही रीत होती. शिकागो आणि सेंट लुईसकडून खेळलेल्या जॅक टेलरने 1901 ते 1906 या काळात सुरू केलेले सलग 187 सामने स्वतःच संपवले. मधेच दुसरा पिचर आणणे म्हणजे पहिल्याची फजिती, आणि आणायचाच तर दुसरा एखादा स्टार्टर किंवा थकलेला म्हातारा. आज 30 संघांच्या लीगमध्ये मोसमात 2,430 सामने होतात आणि एकाच पिचरने पूर्ण केलेले सामने काही डझन भरतात. या दोन टोकांमधला प्रवास एका झटक्यात झाला नाही. 1920च्या दशकात वॉशिंग्टनने फर्पो मार्बेरीला मुद्दाम उशिरा आणायला सुरुवात केली. 1950 मध्ये फिलाडेल्फियाचा जिम कॉन्स्टँटी 74 सामन्यांत रिलीव्हर म्हणून उतरला आणि नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गंमत अशी की त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेच्या, पहिल्या सामन्यात त्याला स्टार्टर म्हणून उभे केले. तो चांगला खेळला आणि संघ 1-0 असा हरला.

होइट विल्हेल्मची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत जखमी झालेला हा माणूस मोठ्या लीगमध्ये पोहोचला तो 1952 साली, वयाच्या 29व्या वर्षी. त्याच्याकडे वेग नव्हता. होता तो नकलबॉल. फिरकी जवळजवळ न देता सोडलेला, हवेत कुठेही भरकटणारा चेंडू. असा चेंडू हाताला फारसा त्रास देत नाही. विल्हेल्म पन्नाशीला काही दिवस उरले असताना निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर 1,070 सामने होते. 1985 मध्ये कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झालेला तो पहिला रिलीव्हर. पहिल्याच वेळी बॅट हातात घेतली तेव्हा त्याने होमरन मारला आणि नंतरच्या वीस वर्षांत एकही नाही. हे अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता मुख्य गोष्ट. 1959 मध्ये पिट्सबर्गचा एलरॉय फेस 18 विजय आणि 1 पराभव अशा नोंदीने गाजत होता. शिकागोचा क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमनला ही नोंद खटकली. त्याच्या हिशेबाने त्या 18पैकी बऱ्याच विजयांत फेसने हातातली बरोबरी किंवा आघाडी घालवली होती. नंतर त्याच्या संघाने धावा काढल्या आणि विजय त्याच्या नावावर लागला. ज्याने बिघडवले त्याला श्रेय आणि ज्याने राखले त्याचा उल्लेख नाही, हा अन्याय दूर करायला होल्ट्झमनने सेव्ह हे माप काढले. 1969 मध्ये ते अधिकृत झाले आणि 1975 पर्यंत त्याला आजचे रूप आले. जिंकणाऱ्या संघासाठी शेवट करणारा पिचर तीन धावांपेक्षा अधिक नसलेली आघाडी घेऊन निदान एक इनिंग टाकतो, किंवा बरोबरी साधणारा धावपटू तळांवर (बेसवर), बॅटवर किंवा त्याच्या पुढच्या क्रमावर असताना येतो, किंवा निदान तीन इनिंग परिणामकारक टाकतो, तर त्याला सेव्ह. लिटलटनला मिळाला तो या तिसऱ्या कलमाने.

होल्ट्झमनचा हेतू निर्मळ होता. पण माप आल्यावर मॅनेजर त्या मापाकडे बघून पिचर वापरू लागले. हे एकदम झाले नाही. 1974 मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा माइक मार्शल 106 सामन्यांत उतरला आणि त्याने 208 इनिंगांहून अधिक टाकल्या, सगळ्या रिलीफमध्ये. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवणारा तो पहिला रिलीव्हर. शरीराच्या हालचालींच्या शास्त्रात त्याने पुढे डॉक्टरेटही मिळवली. सहाव्या-सातव्या इनिंगमध्ये पेच पडला की मार्शल येई आणि शेवटपर्यंत राही. मग 1987 मध्ये डेनिस एकर्स्ली ओकलंडला आला. एकेकाळी मोसमात 20 सामने जिंकलेला, एकही हिट न देता सामना टाकलेला, पण आता उतरणीला लागलेला स्टार्टर. मॅनेजर टोनी ला रुसा यांनी त्याला जवळजवळ फक्त नवव्या इनिंगपुरते राखायला सुरुवात केली. 1990 मध्ये त्याचा ईआरए होता 0.61. 1992 मध्ये साय यंग आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान एकाच मोसमात. बाकीच्या संघांनी ला रुसांची नक्कल केली आणि ‘क्लोजर’ हा हुद्दा पक्का झाला. आघाडी तीन धावांच्या आत, इनिंग नववी, माणूस ठरलेला.

पुढे बिल जेम्सने हा हिशेब उलगडून दाखवला. कॅन्ससमधल्या एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळी करता करता आकडेमोड करणारा हा गृहस्थ आधुनिक बेसबॉल-अभ्यासाचा एक मूळपुरुष मानला जातो. नवव्या इनिंगमध्ये, तळ रिकामे असताना, तीन धावांची आघाडी राखणे हे मुळात सोपे काम आहे. साधा पिचरही ते बहुतेक वेळा करतो. खरा घोर असतो सातव्यात, सामना बरोबरीत किंवा एका धावेवर असताना, दोन धावपटू तळांवर असताना. तिथे जो येतो त्याला सेव्ह नाही. 2003 मध्ये जेम्स बॉस्टनचे सल्लागार असताना त्या संघाने ठरलेला क्लोजर न ठेवता परिस्थितीप्रमाणे पिचर वापरायचा घाट घातला. सुरुवातीलाच दोन-चार सामने निसटले, वर्तमानपत्रांनी टर उडवली आणि प्रयोग गुंडाळला गेला. माझ्या मते प्रयोगाची कल्पना बरोबर होती, पिचर पुरेसे चांगले नव्हते. 2016 मध्ये, ब्रिटन बुलपेनमध्ये बसून राहिला त्याच महिन्यात, क्लीव्हलंडच्या टेरी फ्रँकोनांनी अँड्र्यू मिलरला पाचव्या-सहाव्या इनिंगपासून कधीही आणून तीच कल्पना यशस्वी करून दाखवली. मिलर अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

या मिलरच्या पूर्वायुष्यात अभ्यासाचा दुसरा मोठा धागा आहे. 2006च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत डेट्रॉइटने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतले होते, ते स्टार्टर म्हणून. ते जमले नाही. रिलीव्हर व्हायचे म्हणून लहानपणापासून कोणी झटत नाही. बहुतेक जण स्टार्टर म्हणून अपुरे पडलेले असतात: चार प्रकारचे चेंडू हवेत तिथे दोनच येतात, किंवा तिसऱ्यांदा समोर आलेला बॅटर त्यांना ओळखून बसतो. काही तर पिचरही नसतात. 601 सेव्ह घेतलेला ट्रेव्हर हॉफमन व्यावसायिक खेळात शॉर्टस्टॉप, म्हणजे एक क्षेत्ररक्षक, म्हणून आला होता. बॅट चालेना म्हणून त्याला माउंडवर पाठवले. बिली वॅग्नर जन्माने उजव्या हाताचा. लहानपणी उजवा हात दोनदा मोडला आणि तो डाव्याने फेकू लागला. त्याच डाव्या हाताने 422 सेव्ह घेतले आणि 2025 मध्ये, मतदानाच्या दहाव्या म्हणजे शेवटच्या संधीला, तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. वॅग्नरने 16 मोसमांत मिळून 903 इनिंग टाकल्या. इतक्या थोड्या कामावर इतका मोठा मान द्यावा का, हा वाद अजून चालू आहे आणि तो चालू राहावा असे मला वाटते.

मारियानो रिवेराचे नाव घेतल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. पनामातल्या प्वेर्तो काइमितो या मच्छिमारांच्या गावातला हा मुलगा वडिलांच्या बोटीवर काम करायचा. 1990 मध्ये न्यूयॉर्क यँकीजने त्याला काही हजार डॉलरांत करारबद्ध केले. 1995 मध्ये तो मोठ्या लीगमध्ये उतरला तो स्टार्टर म्हणूनच, आणि ईआरए होता 5.51. पुढच्या वर्षी त्याला क्लोजर जॉन वेटलँडच्या आधीच्या इनिंग दिल्या. 1996च्या त्या मोसमात त्याने शंभराहून अधिक इनिंग टाकल्या, साय यंगच्या मतदानात तो तिसरा आला आणि त्याच्या नावावर सेव्ह होते फक्त 5. अनेक अभ्यासकांना त्याचा हाच मोसम सर्वांत मोलाचा वाटतो. मलाही.

1997च्या उन्हाळ्यात सहकारी रामिरो मेंडोसाबरोबर साधी फेकाफेकी करताना त्याचा चेंडू अचानक शेवटच्या क्षणी बाजूला सरकू लागला. पकड तीच, हात तोच. मेंडोसाला चेंडू झेलता येईना. रिवेरा आणि प्रशिक्षक मेल स्टॉटलमायर काही आठवडे तो चेंडू सरळ करायच्या खटपटीत होते! तो सरळ झाला नाही, तेव्हा त्यांनी नाद सोडला. हा कट फास्टबॉल, म्हणजे कटर, डाव्या बॅटरच्या हाताकडे वळे आणि बॅटच्या बारीक भागावर आदळून लाकूड मोडी. 1999च्या वर्ल्ड सिरीजमध्ये अटलांटाच्या रायन क्लेस्कोने एकाच वेळच्या बॅटिंगमध्ये तीन बॅटा मोडून घेतल्या. 2013 मध्ये निवृत्तीच्या वर्षी मिनेसोटाच्या संघाने रिवेराला मोडक्या बॅटांची बनवलेली डुलती खुर्ची भेट दिली. 652 सेव्ह, बाद फेऱ्यांत आणखी 42, तिथला ईआरए 0.70, आणि 2019 मध्ये 425पैकी 425 मते घेऊन हॉल ऑफ फेम. तिथे एकमताने गेलेला तो पहिला खेळाडू.

पण 4 नोव्हेंबर 2001 रोजी ॲरिझोनात, वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये 2-1 अशी आघाडी हाती असताना हरला तोही रिवेराच. आधी त्याच्याच हातून एक फेक चुकली. शेवटी लुइस गोन्झालेझने मोडत्या बॅटने चेंडू कसाबसा क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून टाकला. चेंडू जसा टाकायचा तसाच पडला होता आणि तरी मालिका गेली. एकर्स्लीच्या वाट्याला 1988 मध्ये कर्क गिब्सन आला, दोन्ही पाय दुखावलेला, बदली बॅटर म्हणून लंगडत आलेला. त्याने होमरन मारला आणि ती चित्रफीत अजून दाखवतात. स्टार्टर तिसऱ्या इनिंगमध्ये चुकला तर सावरायला सहा इनिंग असतात. रिलीव्हरची चूक हीच बहुधा सामन्याची शेवटची घटना असते. त्यामुळे लोकांच्या आठवणीत त्याची कारकीर्द अपयशांनी भरलेली दिसते, आणि नुसत्या आठवणींवर विसंबून तिच्याविषयी लिहू नये.

आकड्यांवरही डोळे झाकून विसंबू नये. आजचा रिलीव्हर मोसमात साधारण 60 इनिंग टाकतो. समजा त्याने 20 धावा दिल्या, तर ईआरए 3.00. त्यात दोनच वाईट संध्याकाळी, चार-चार धावांच्या, मिळवा: आकडा 4.20 होतो. पहिला माणूस भरवशाचा ठरतो, दुसऱ्याची वर्षअखेरीस हकालपट्टी होते, आणि माणूस एकच असतो. करारांची सगळी अनिश्चितता या छोट्या नमुन्यातून येते. एका टोकाला एडविन दियाझ: 2022 मध्ये न्यूयॉर्क मेट्सबरोबर पाच वर्षांचा 10 कोटी 20 लाख डॉलरांचा करार, दहा कोटींपलीकडे गेलेला पहिला रिलीव्हर. चारच महिन्यांनी जागतिक स्पर्धेत पोर्तो रिकोच्या विजयाचा जल्लोष करताना त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि अख्खा मोसम गेला. दुसऱ्या टोकाला शेकडो अनामिक. 2022पासूनच्या नियमाने एका खेळाडूला मोसमात पाचपेक्षा अधिक वेळा खालच्या लीगमध्ये धाडता येत नाही. असा नियम करावा लागला यावरूनच काय चालत होते ते कळते. आज न्यूयॉर्क, परवा खालच्या लीगमधले स्क्रॅन्टन, पुन्हा न्यूयॉर्क. मोठ्या लीगमधले दिवस मोजले जातात, कारण 43 दिवस भरले की निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो. ज्याचे 40 भरले आणि खांदा गेला, त्याच्याविषयी अभ्यास फारच थोडा झाला आहे.

बुलपेनमधले आयुष्य समजून घ्यायचे तर सुदैवाने साधने उत्तम आहेत, कारण रिलीव्हर लिहितात. तीन तास बसून थोडा वेळ काम, त्यामुळे निरीक्षणाला वेळ मिळतो, असा माझा आपला तर्क. चष्मा लावणारा आणि सतत वाचणारा जिम ब्रॉस्नन याचे 1959च्या मोसमाचे रोजनिशीवजा पुस्तक ‘द लाँग सीझन’ 1960 मध्ये आले. जिम बाउटनचे ‘बॉल फोर’ 1970चे. वेग गेलेला एक माजी स्टार्टर सिॲटलच्या नव्या संघात नकलबॉलवर पोट भरू पाहतो, त्याची हकीकत. लीगच्या आयुक्तांना ते इतके झोंबले की त्यांनी बाउटनला बोलावून झापले. तळाच्या गोष्टी या लोकांकडूनच कळतात: हात गरम करून पाच वेळा उठायचे आणि एकदाही मैदानात जायचे नाही, याचा थकवा कुठल्याही रकान्यात येत नाही. किंवा हे की सर्वांत नवख्या रिलीव्हरने चॉकलेट-गोळ्यांनी भरलेले लहान मुलींचे गुलाबी दप्तर पाठीला अडकवून, हजारो प्रेक्षकांसमोरून, बुलपेनपर्यंत चालत जायचे असते.

भारताचा धागा बारीक आहे, पण खरा आहे. 2008 मध्ये एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडलेले उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, यांना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले. दोघांनीही त्या स्पर्धेआधी बेसबॉल हातात धरला नव्हता. डावखुरा रिंकू खालच्या लीगमध्ये काही मोसम मुख्यतः रिलीव्हर म्हणून टिकला. मोठ्या लीगमध्ये दोघेही पोहोचले नाहीत. 2014च्या हॉलिवूड चित्रपटाने ही गोष्ट गोड करून सांगितली आहे. खालच्या लीगमधली रिंकूची वर्षे, म्हणजे अभ्यासाच्या दृष्टीने तिचा कसदार भाग, कोणीतरी भारतीय भाषेत लिहायला हवा.

पेशा अजूनही बदलतो आहे. 2018 मध्ये टॅम्पा बेने सर्जिओ रोमो या रिलीव्हरला सामना सुरू करायला पाठवले, एका इनिंगपुरते. 2020च्या नियमाने प्रत्येक पिचरला निदान तीन बॅटरना किंवा इनिंग संपेपर्यंत चेंडू टाकणे भाग पडले आणि एकाच डाव्या बॅटरसाठी येणारा डावखुरा तज्ज्ञ नाहीसा झाला. जेसी ओरोस्को ज्या कामावर चाळिशी उलटून 1,252 सामन्यांपर्यंत पोहोचला, ते कामच आता नाही.

नव्या अभ्यासकाला माझे सांगणे एवढेच. डेलावेअर विद्यापीठातल्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने, डेव्हिड स्मिथने, 1989 मध्ये सुरू केलेल्या रेट्रोशीट या संग्रहात हजारो सामन्यांची इनिंगवार नोंद कोणालाही फुकट पाहता येते. रिवेरा घेऊ नका. त्याच्यावर पुष्कळ झाले आहे. तीन-चार मोसम टिकलेला कोणी अनोळखी रिलीव्हर निवडा. तो कोणत्या इनिंगमध्ये आला, तेव्हा धावफलक काय होता, तळांवर किती जण होते आणि आदल्या दिवशी त्याने किती चेंडू टाकले होते, हे एकेका सामन्यापुढे लिहीत जा. सेव्हचा रकाना मात्र सर्वांत शेवटी उघडा.